विघटनशील पिशव्यांची कंपनी: तोटा सोसू, पण हे मौन?

कृष्णाकाठ (धागाकर्ती), १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. हा धागा काढावा की नको, असं दोन आठवडे मनात घोळत होतं. परवा डीमॅटचं स्टेटमेंट छापून हातात घेतलं आणि ठरवलं, लिहायचंच.

मी सांगलीची. तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, २०२१ मध्ये निवृत्त झाले. शेअरबाजाराशी संबंध बेताचा. दोन म्युच्युअल फंड आणि एका बँकेचे जुने शेअर, एवढंच. मग पिशव्या बनवणाऱ्या कंपनीत पैसे का घातले? कारण ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमच्या घरात पाच दिवस पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखल उपसणं सगळ्यांच्याच नशिबी आलं, पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत त्या आयर्विन पुलाजवळच्या झाडांवरच्या पिशव्या. पाणी जिथवर चढलं होतं तिथवर, पार शेंड्यापर्यंत. काळ्या, गुलाबी, दुधाच्या. पुढचे दोन उन्हाळे त्या तिथंच फडफडत होत्या. वर्गात मी पॉलिथिनचा धडा शिकवायचे, ‘शेकडो वर्षं विघटन होत नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहायचे. त्या वाक्याचा अर्थ मला पुरानंतर कळला.

१ जुलै २०२२ ला देशभर एकदा वापरायच्या १९ प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही कंपनी एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअरबाजारावर आली. मक्याच्या स्टार्चपासून पिशव्या, खतात मिसळून जाणाऱ्या, सरकारी प्रमाणपत्रासह. ९८ रुपयांचा भाव, १२०० शेअरचा लॉट (त्याहून कमी घेता येत नाहीत). १,१७,६०० रुपये भरले. पुढं भाव ६१ वर आला तेव्हा ‘ॲव्हरेज होईल’ म्हणून आणखी एक लॉट घेतला, ७३,२००. आज भाव १७ रुपये ४० पैसे. एक लाख नव्वद हजारांचे बेचाळीस हजार झालेत.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, इथल्या नियमांत बसत नाही. कुणी ओळखलं तरी कृपया लिहू नका.

तोटा झाला म्हणून मी रडत नाही. धंदा आहे, बुडतोही. मला छळतंय ते वेगळंच. तीन वर्षांचे वार्षिक अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. तिन्हींत एकच वाक्य, शब्दही तेच: ‘मोठ्या ग्राहकांकडून चाचणी ऑर्डर मिळाल्या असून व्यावसायिक पुरवठा लवकरच सुरू होईल.’ २०२३ मध्ये लवकरच, २०२४ मध्ये लवकरच, २०२५ मध्येही लवकरच. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी आधी नाव नोंदवून प्रश्न विचारला. सभा व्हिडिओवर होती. दोन मिनिटं मिळाली. ‘त्या चाचण्यांचं पुढं काय झालं?’ एवढंच विचारलं. ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं आणि माझा माइक बंद झाला.

मला भावनांची नोंद नको होती, चाचण्यांचा निकाल हवा होता. इथं कुणी या धंद्यातलं आहे का? नक्की काय चुकतंय ते मला समजून घ्यायचंय. आणि आमच्यासारख्यांना काही करता येतं का?

---

माळरान, १२ ऑक्टोबर

ताई, वाईट वाटलं वाचून. माझा एक लॉट आहे, बहुतेक त्याच कंपनीचा. मी ऑगस्टपासून विकायला लावतोय. रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकलेला, घेणारा कुणी नाही. आणि एक लक्षात ठेवा, एसएमई शेअरला मार्केट मेकर, म्हणजे खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवणारा दलाल, तीनच वर्षं सक्तीचा असतो. नोव्हेंबर २०२२ ची लिस्टिंग असेल तर पुढच्या महिन्यात ती मुदत संपते. त्यानंतर आत्ता जी थोडीफार खरेदी होतेय तीही राहील की नाही, देव जाणे.

---

गुंतवणूक_शाळा, १२ ऑक्टोबर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एसएमई आयपीओ हा निवृत्तीच्या पैशाने करायचा खेळच नाही. पडत्या भावात ॲव्हरेज करणं ही त्याहून मोठी चूक. आता धडा म्हणून सोडून द्या. विकता आलं तर तोटा आयकर विवरणात दाखवा. वर्षाहून जास्त काळ ठेवलेत म्हणजे दीर्घकालीन भांडवली तोटा. तो दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो आणि आठ वर्षं पुढं ओढता येतो. फक्त विवरण मुदतीत भरायला हवं.

---

पिशवीवाला_सातारा, १२ ऑक्टोबर

बाई नमस्कार. (शिक्षिका म्हटल्यावर बाईच तोंडात येतं.) माझा पिशव्या, द्रोण, पत्रावळ्यांचा होलसेल धंदा आहे, बावीस वर्षं. तुमच्या कंपनीचा माल मी विकलाय, म्हणून सांगतो काय होतं ते.

२३ जून २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. त्या महिन्यात माझ्या दुकानात फोन थांबत नव्हता. ‘सरकारी शिक्क्याची पिशवी द्या, भाव काही का असेना.’ दिवाळीपर्यंत पथकं फिरली, नंतर हळूहळू थांबली. पथक थांबलं की गिऱ्हाईक थांबलं. २०२२ च्या जुलैला पुन्हा तसंच झालं, फक्त यावेळी जोर दोनच महिने टिकला.

भावाचं गणित सांगतो. साधी एचएम (नेहमीच्या पातळ प्लास्टिकची) पिशवी आणि कंपोस्टेबल पिशवी यांच्या किलोच्या भावात दुपटीहून जास्त फरक आहे. वर ही पिशवी जाड घ्यावी लागते, म्हणजे किलोत नग कमी बसतात. भाजीवाला पिशवी फुकट देतो, तो कशाला हा फरक सोसेल?

आणि खरा घात खोट्या मालाने केला. पिशवीवर हिरवं पान छापायचं, ‘१०० टक्के कंपोस्टेबल’ लिहायचं, आत साधं एचएम. मी हातात घेतली की ओळखतो. खरी पिशवी मऊ लागते, चुरगळली तरी आवाज करत नाही, नाकाजवळ नेली तर भिजवलेल्या पिठासारखा किंचित वास येतो. खोटी चुरचुरते. पण गिऱ्हाईक कशाला चुरगळून बघतंय? त्याला छापील पान दिसलं की पुरे. खऱ्या कंपनीने प्रमाणपत्राला, चाचणीला, परदेशी दाण्याला (कच्च्या मालाला) पैसे घातले आणि शेजारच्या गाळ्यातला छाप्याच्या खर्चात तोच माल विकतोय.

---

फुगा_आणि_रोल, १३ ऑक्टोबर

भोसरीत ब्लोन फिल्म मशीनवर होतो चौदा वर्षं, त्यातली तीन कंपोस्टेबल मालावर. (या मशीनवर वितळलेल्या दाण्यात हवा भरून लांब फुगा काढतात, त्याच्या फिल्मच्या पिशव्या होतात.) पिशवीवालेदादांना अनुमोदन. कारखान्याच्या आतलं थोडं मी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘मक्यापासून बनलेली पिशवी’ हे अर्धंच खरं आहे. नुसत्या पीएलएची, म्हणजे साखर आंबवून जे लॅक्टिक आम्ल मिळतं त्यापासूनच्या प्लास्टिकची पिशवी केली तर ती कडक होते, कडेने तडकते. पिशवीला ताण सोसायला पीबीएटी नावाचं दुसरं, लवचिक प्लास्टिक मिसळावं लागतं, आणि पीबीएटी बहुतेक खनिज तेलातूनच येतं. ते कुजतं हे खरं, पण मक्याचं नाही. आमच्याकडे दाणा चीनहून यायचा. २०२१ मध्ये त्याचा भाव असा चढला की आम्ही ऑर्डर घेऊन बसलो आणि दाणा परवडेना. दाणा आयात, भाव डॉलरमध्ये आणि गिऱ्हाईक भाजीवाला. मधे आपण.

दुसरी गोष्ट पावसाळा. हा दाणा हवेतलं पाणी पितो. पोतं फोडलं की ड्रायरमध्ये तास न तास वाळवायचा, तरी जुलैत भरवसा नाही. ओला दाणा गेला की फुगा डोलायला लागतो, फिल्मला बारीक भोकं पडतात, मग फुगा फाटतो. पहिल्या पावसाळ्यात एका पाळीत मी चार वेळा फुगा फाटलेला बघितलाय. प्रत्येक वेळी मशीन थांबवा, पुन्हा फुगा चढवा, तोवरचा माल भंगार. साध्या प्लास्टिकचं भंगार पुन्हा दाणा करून वापरता येतं, याचं परत वापरलं की ताकद जाते.

तिसरी गोष्ट, माल गोदामात टिकत नाही. वर्षभर पडलेल्या गठ्ठ्यातली पिशवी ओढली की तळाचं सील सुटतं. म्हणजे मोठी ऑर्डर येईल म्हणून माल करून ठेवणंही धोक्याचं.

‘चाचणी ऑर्डर’चं पुढं काय होतं ते मी पाहिलंय. मोठा ग्राहक दोन टन घेतो, चार दुकानांत वापरतो, सील सुटल्याच्या तक्रारी येतात, मग खरेदी खातं म्हणतं, ‘भाव साध्या पिशवीच्या दीडपटीवर आणा, मग बोलू.’ तिथंच संपतं. अहवालात मात्र ती चाचणी वर्षानुवर्षं जिवंत राहते.

---

कृष्णाकाठ, १३ ऑक्टोबर

फुगा_आणि_रोल, तुम्ही जे चार परिच्छेदांत सांगितलंत ते मला तीन वार्षिक अहवालांच्या दोनशेच्यावर पानांत कुठं मिळालं नाही. मनापासून आभार.

तुमचं वाचून मी गच्चीवर गेले. डिसेंबर २०२३ मध्ये याच कंपनीची एक पिशवी मी खताच्या पिंपात पुरली होती, पालापाचोळा आणि भाजीच्या देठांसोबत. माहितीपत्रकात ‘१८० दिवसांत विघटन’ असं होतं. सहा महिन्यांनी काढली, तर कंपनीचं हिरवं बोधचिन्ह स्पष्ट वाचता येत होतं. तेव्हा मला वाटलं पिशवीच खोटी. मग कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक वाचलं. आयएस/आयएसओ १७०८८ मध्ये ते १८० दिवस आहेत, पण ५८ अंश सेल्सियसला, औद्योगिक कंपोस्टच्या ढिगात. माझ्या पिंपात थर्मामीटर घातला तेव्हा पारा ३४ वर होता. पिशवी खोटी नव्हती, सांगणं अर्धवट होतं. तसा ढीग किती नगरपालिकांकडे आहे? सांगलीत ओला-सुका कचरा नीट वेगळा होताना मी पाहिलेला नाही. मग ही पिशवीही शेवटी तिथंच जाणार, कृष्णेच्या काठच्या झाडावर. मी ज्यासाठी पैसे घातले तेच मुळात होणार नव्हतं, हे कळल्यावर त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

आज ते पिंप उपसलं. पिशवीचे नखाएवढे तुकडे सापडले, बोटांत धरले की विरतात. दोन पावसाळे लागले.

गुंतवणूक_शाळा, चुकीबद्दल तुमचं बरोबर आहे. दुसरा लॉट घ्यायला नको होता. पण ‘सोडून द्या’ हे मला पटत नाही. वर्गात एखाद्या मुलानं प्रयोग फसला तरी वहीत ‘निरीक्षण बरोबर आलं’ असं लिहिलं तर मी गुण कापायचे. फसला म्हणून नाही, खोटं लिहिलं म्हणून.

---

जॉर्जियातून, १३ ऑक्टोबर

ताई, मी अटलांटात असतो. तुमच्यासारखीच गोष्ट इथं फार मोठ्या आकारात घडली आहे. खालचं सगळं सार्वजनिक नोंदीतलं.

डॅनिमर सायंटिफिक नावाची कंपनी, मुख्यालय याच राज्यात, दक्षिणेला बेनब्रिज या छोट्या गावात. कॅनोलाच्या तेलावर जिवाणू पोसून पीएचए नावाचं प्लास्टिक बनवायचे. पीएचए हे पीएलएपेक्षा वेगळं. मातीत, पाण्यातही कुजू शकतं, म्हणून सगळ्यांना आशा. डिसेंबर २०२० मध्ये कंपनी शेअरबाजारात आली ती थेट आयपीओने नव्हे. आधी पैसे गोळा करून ठेवलेली एक रिकामी कंपनी असते, तिच्यात विलीन होऊन. पेप्सिको, मार्स अशा कंपन्यांबरोबर काम चालल्याच्या घोषणा होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर साठ डॉलरच्या वर गेला. मार्चमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने शास्त्रज्ञांना विचारून लिहिलं की समुद्रात लवकर विरघळण्याचे दावे वाढवून सांगितलेले आहेत. तिथून भाव जो घसरला तो घसरतच गेला. केंटकीतल्या विंचेस्टरचा कारखाना वाढवायला कर्ज घेतलेलं, मागणी मात्र ठरल्या वेळी आलीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये चाळीस शेअरचा एक केला, बाजारातून नाव कटू नये म्हणून. मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. दिवाळखोरीत आधी कर्ज देणारे, मग पुरवठादार, सगळ्यात शेवटी शेअरवाले. शेवटच्याला काही उरत नाही.

त्याआधीची मेटाबॉलिक्स आठवा. मॅसॅच्युसेट्सची कंपनी, एडीएम या धान्याच्या बलाढ्य कंपनीशी भागीदारी, आयोवातल्या क्लिंटनला वर्षाला ५० हजार टनांचा पीएचए कारखाना. जानेवारी २०१२ मध्ये एडीएमने अंग काढून घेतलं, कारण भाव आणि मागणी यांचा मेळ बसेना. २०१६ मध्ये ते तंत्रज्ञान कोरियाच्या सीजे कंपनीला एक कोटी डॉलरला गेलं. वीस वर्षांचं संशोधन, एक कोटी!

इटलीच्या बायो-ऑनचं तर विचारूच नका. बोलोन्याची कंपनी, बाजारमूल्य अब्ज युरोच्या वर. जुलै २०१९ मध्ये एका गुंतवणूक संस्थेने अहवाल काढला की विक्री आणि उत्पादन दाखवलंय तेवढं नाही. ऑक्टोबरात तपास यंत्रणांची कारवाई, डिसेंबरात कोर्टाने दिवाळखोर ठरवलं. पाच महिन्यांत खेळ संपला.

हे तिन्ही एका माळेत ओवू नका मात्र. मेटाबॉलिक्समध्ये माल खरा होता, बाजार नव्हता. तुमची कंपनी यातली कुठली, हे शोधायला हवं.

---

शांत_प्रवाह, १४ ऑक्टोबर

थोडी दुसरी बाजू मांडतो. अशा कंपन्या चालवणारे सगळे लबाड नसतात. मी एका छोट्या कारखानदाराला जवळून ओळखतो, घर गहाण टाकून मशीन घेतलं त्यानं. धोरण दर दोन वर्षांनी बदलतं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये आधी नियम कडक केले, मग त्याच वर्षाच्या शेवटी कंपोस्टेबल वस्तूंना सिपेट (प्लास्टिकची केंद्रीय तंत्रसंस्था) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्रावर मुभा दिली. मधल्या काळात माल पडून राहिला तर कारखानदाराने काय करायचं? शिवाय हे क्षेत्र मरतंय असंही नाही. पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र उभं केलंय. बलरामपूर चिनी ही साखर कंपनी उत्तर प्रदेशात उसापासून पीएलएचा मोठा कारखाना उभारतेय. दाणा देशात बनू लागला तर गणित बदलेल. आज ओरडा करून कंपनी आणखी खाली ढकलू नये असं मला वाटतं.

---

माळरान, १४ ऑक्टोबर

शांत_प्रवाह, मान्य की धंदा अवघड आहे. पण मग तेच लिहा ना अहवालात! ‘पावसाळ्यात उत्पादन घटतं, दाणा महाग, खोट्या मालामुळे विक्री नाही, पुढची दोन वर्षं कठीण.’ मी तरी असं वाचून थांबलो असतो. मला खोट्या आशेवर दोन वर्षं बसवून ठेवलं त्याचं दुःख आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी होती ती.

---

अनुपालन, १४ ऑक्टोबर

मी कंपनी सेक्रेटरी आहे, या कंपनीशी संबंध नाही. ताईंनी विचारलंय, काय करता येतं. सविस्तर लिहिते.

आधी एक काम करा. एक्सचेंजच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणा २०२३ पासून क्रमाने वाचा. विशेषतः ‘वॉरंट’ हा शब्द शोधा. वॉरंट म्हणजे पुढं ठरल्या भावाने नवे शेअर घेण्याचा हक्क. प्रवर्तक, म्हणजे कंपनीचे मूळ मालक, वॉरंट घेतात तेव्हा २५ टक्के रक्कम आधी भरतात आणि उरलेली ७५ टक्के १८ महिन्यांत. नाही भरली तर भरलेले पैसे जप्त होतात. त्या १८ महिन्यांत काय झालं ते बघा.

दुसरं, सभेचं इतिवृत्त. कंपनी कायदा २०१३, कलम ११९. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त कुठल्याही सभासदाला फुकट बघता येतं. प्रत मागितली तर सात कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते, पानाला जास्तीत जास्त दहा रुपये. संचालक मंडळाच्या बैठकीचं मात्र मिळत नाही. फोन नको, लेखी मागा.

तिसरं, सेबीचं स्कोअर्स पोर्टल. तिथल्या तक्रारीवर कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भाव पडला ही तक्रार चालत नाही, माहिती दडवली ही चालते.

चौथं, कलम २४५, सामूहिक दावा. १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यातला कमी आकडा पुरतो. किंवा लिस्टेड कंपनीत २ टक्के भांडवल असणारे. तुमच्या कंपनीत साधारण नऊशे सभासद असतील तर पंचेचाळीस जण झाले. पण वकिलाचा खर्च, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातल्या तारखा, सगळा विचार करून मगच.

पाचवं, आणि मला सगळ्यात उपयोगी वाटणारं, कलम १५१. छोट्या भागधारकांचा एक संचालक. एक हजार किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक दशांश, यातला कमी आकडा, इतक्या जणांनी सभेच्या किमान चौदा दिवस आधी नोटीस द्यायची. कलमाची भाषा ‘नेमू शकते’ अशी आहे, ‘नेमलाच पाहिजे’ अशी नाही, म्हणून कंपन्या टाळतात. तरी नव्वद सह्यांची नोटीस आली की तिला उत्तर द्यावं लागतं, दोन मिनिटांत माइक बंद करून भागत नाही.

एक अडचण मात्र आत्ताच सांगते, ताई. या कलमात छोटा भागधारक म्हणजे ज्याच्याकडे दर्शनी मूल्याने २०,००० रुपयांपर्यंतचे शेअर आहेत तो. बाजारभाव नव्हे, दर्शनी मूल्य, म्हणजे शेअरची मूळ छापील किंमत, इथं १० रुपये. १२०० शेअर गुणिले १० म्हणजे १२,०००, बसतं. तुमचे २४०० आहेत, म्हणजे २४,०००. तुम्ही त्या व्याख्येत बसत नाही.

---

कृष्णाकाठ, १६ ऑक्टोबर

अनुपालनताई, तुमचा प्रतिसाद छापून फाइलला लावला. व्याख्येत मी बसत नाही हे वाचून आधी वाईट वाटलं, आज त्याचं काही नाही. एक लॉटवाले पुढं असतील, मी कागद लिहीन.

वॉरंट शोधले. दोन रात्री गेल्या, पण सापडले. सप्टेंबर २०२३ च्या सभेत प्रवर्तकांना ७२ रुपये भावाने २० लाख वॉरंट देण्याचा विशेष ठराव होता. मीही बाजूने मत दिलं होतं, कारण त्या पैशातून नवं मशीन येणार असं लिहिलं होतं. एकूण १४ कोटी ४० लाख. त्यातले ३ कोटी ६० लाख आले. उरलेले १० कोटी ८० लाख एप्रिल २०२५ पर्यंत यायला हवे होते. आले नाहीत. वॉरंट रद्द, भरलेली रक्कम जप्त. दीड ओळीची घोषणा, एका शुक्रवारी रात्री आठनंतर.

म्हणजे ज्यांना कारखाना आतून दिसत होता त्यांनी साडेतीन कोटी सोडले, पण आणखी पैसे घातले नाहीत. आणि पाचच महिन्यांनी आम्हाला अहवालात पुन्हा ‘लवकरच’. नव्या मशीनचा अहवालात उल्लेखसुद्धा नाही.

इतिवृत्ताच्या प्रतीसाठी पत्र आज स्पीड पोस्टाने टाकलं, ईमेलही केली.

---

शांत_प्रवाह, १६ ऑक्टोबर

ताई, हे मला माहीत नव्हतं. माझा आधीचा मुद्दा धंद्याच्या अडचणींपुरता बरोबर होता, पण वॉरंटचं हे प्रकरण भागधारकांना स्पष्ट सांगायलाच हवं होतं. माझ्याकडे एक लॉट आहे. आधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मला यात धरा.

---

पिशवीवाला_सातारा, १७ ऑक्टोबर

बाई, माझ्या गिऱ्हाइकांत या शेअरचे निदान सहा जण आहेत, लिस्टिंगच्या वेळी डीलर मीटिंगमध्ये सगळ्यांना गळ घातली होती. त्यांच्याशी बोलतो. एका-एका लॉटचेच आहेत. मराठीत मसुदा द्या, इंग्रजी बघून लोक सही करायला बिचकतात.

---

कृष्णाकाठ, ३१ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. इतिवृत्त आलं. नऊ पानं, नव्वद रुपये. सेक्रेटरींनी सातव्या दिवशी पाठवलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

सातव्या पानावर वक्त्या सभासदांची नोंद आहे. माझं नाव आहे. माझा प्रश्न नाही. तिथं लिहिलंय, ‘सभासदांनी कंपनीच्या वाटचालीबद्दल विचार मांडले व व्यवस्थापनाला शुभेच्छा दिल्या.’ मी शुभेच्छा दिल्या नव्हत्या. मी विचारलं होतं, चाचण्यांचं काय झालं.

त्यामुळे आता तोंडी काहीच नाही. पाच प्रश्नांचं पत्र मराठीत आणि इंग्रजीत तयार केलंय, अनुपालनताईंनी तपासलंय. कुठल्या ग्राहकाची चाचणी कधी सुरू झाली आणि कधी बंद झाली. वॉरंटचे ३ कोटी ६० लाख कशावर खर्च झाले. नव्या मशीनची ऑर्डर दिली होती का, दिली असेल तर तिचं काय झालं. प्रत्येक पावसाळ्यात किती दिवस मशीन बंद होती. आणि माहितीपत्रकातल्या १८० दिवसांशेजारी ५८ अंश का छापलं नाही.

शेवटचा प्रश्न भावाशी संबंधित नाही, तो माझा आहे. तो काढा असं दोघांनी सुचवलं. मी काढणार नाही.

कलम १५१ च्या नोटिशीसाठी एक लॉटवाले हवेत. माळरान, शांत_प्रवाह आणि साताऱ्याचे सहा धरून आजवर अडतीस झाले. एक्सचेंजवर ९१२ भागधारक दिसतात, त्यातले एक लॉटवाले किती ते कंपनीकडून आल्यावर नक्की आकडा कळेल. तोवर नव्वद धरून चालू. ज्यांच्याकडे १२०० च शेअर आहेत त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करा, डीमॅट क्रमांक इथं उघड लिहू नका.